तेलातुपाचा खरा हिशोब

भगिनींनो, महिन्याच्या सामानाची यादी करायला बसले की तांदूळ, गहू, डाळी, गूळ, साखर इथपर्यंत हात भराभर चालतो. तेलाशी आला की मात्र अडखळतो. का अडखळतो, ते तुम्हांला सांगायला नकोच! यजमानांच्या रक्ततपासणीचा कागद नुकताच घरी आलेला असतो आणि डॉक्टरांनी “तेल-तूप जरा जपून” असे बजावलेले असते. सासूबाईंचे म्हणणे, “आम्ही जन्मभर भातावर तुपाची धार धरूनच जेवलो, आम्हांला कुठं काय झालं?” कॉलेजात जाणारी लेक पानावर बसताबसताच सांगते, “आई, माझ्या पोळीला तेल लावू नकोस हं!” शेजारच्या वहिनी आता सगळा स्वैपाक म्हणे खोबरेल तेलात करतात. आणि वाण्याच्या दुकानात मांडलेल्या प्रत्येक पिशवीवर लाल बदाम काढून ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे छापलेले! या साऱ्यांचे ऐकून कढईत पळीभर तेल घालायचे की चमचाभर, हे ठरवायचे मात्र तुम्ही एकटीने.

हा गोंधळ होतो, कारण ‘तेल-तूप’ हा एकच पदार्थ आहे असे समजून आपण त्याला एक तर डोक्यावर घेतो, नाही तर घराबाहेर काढतो. शास्त्रज्ञ ज्यांना स्निग्ध पदार्थ म्हणतात, ते एक भले मोठे कुटुंब आहे. शेंगदाण्याचे तेल, साजूक तूप, अंड्याचा बलक, कोलेस्टेरॉल, एवढेच काय, आपल्या मेंदूचा मोठा भाग, ही सगळी त्याच घरची माणसे. त्यांची घडण कशी आहे हे एकदा समजले, की कुणाला किती मान द्यायचा ते आपोआप कळते. आणि गंमत अशी, की ही घडण समजण्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. ती आपल्या ओट्यावरच दिसते.

तूप थिजते, तेल का थिजत नाही?

तेल किंवा तूप नेमके कशाचे बनलेले असते, हे शोधले फ्रान्समधल्या मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने. त्याने सुरुवात केली साबणापासून! चरबी आणि क्षार एकत्र शिजवले की साबण होतो, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. शेव्हरलने तो साबण पुन्हा फोडून पाहिला आणि १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून दाखवून दिले, की प्रत्येक तेलातुपात दोनच गोष्टी असतात: ग्लिसरीन आणि मेदाम्ले. (हा शेव्हरल पुढे १०२ वर्षे जगला, बरं का!)

डोळ्यांपुढे एक लहानशी खुंटी आणा. ती म्हणजे ग्लिसरीन. तिला तीन लांब साखळ्या बांधलेल्या आहेत. त्या म्हणजे मेदाम्ले. तेल असो, तूप असो, खुंटी तीच. फरक सगळा साखळ्यांत. काही साखळ्या सरळसोट असतात. त्यांना संपृक्त म्हणतात. काहींना मध्येच एखादे किंवा दोन-तीन बाक असतात. त्या असंपृक्त.

आता उदबत्त्यांची जुडी बांधून पाहा. सरळ काड्या एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. त्याच जागी वाकड्यातिकड्या काटक्यांची मोळी बांधा. कितीही आवळली तरी मध्ये पोकळ्या राहणारच. तुपात सरळ साखळ्या निम्म्याहून जास्त, म्हणून ते थिजते, रवाळ होते. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा यांच्या तेलात बाकदार साखळ्या जास्त, म्हणून ती थंडीतही बरणीतून सरळ ओतता येतात.

“मग खोबरेल तेलाचं काय?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न अगदी रास्त आहे. खोबरेल तेलात जवळजवळ ९० टक्के साखळ्या सरळच आहेत, तुपाहूनही जास्त! पण त्यांतल्या पुष्कळशा आखूड आहेत. आखूड काड्यांची जुडी लवकर सुटते. म्हणून साधारण २४-२५ अंशांच्या वर हे तेल पातळ होते. कोकणात ते बहुतेक दिवस पातळ असते आणि पुण्या-नाशकाच्या थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते, ती यामुळेच. नाव तेलाचे असले, तरी घडणीने ते तुपाच्या पंगतीला बसणारे आहे, हे शेजारच्या वहिनींना सांगायला हरकत नाही.

पाण्याशी उभा दावा

या साखळ्यांचा दुसरा स्वभाव म्हणजे त्यांचे पाण्याशी अजिबात पटत नाही. आपला निम्मा स्वैपाक या वैरावरच चालतो. लोणच्यावर तेलाचा थर तरंगतो आणि बाहेरच्या हवेला आत येऊ देत नाही. करंजीच्या पिठात कडकडीत मोहन घातले की ते पिठाच्या कणांना वेढून बसते, पाण्याला चिकटपणा करू देत नाही आणि करंजी खुसखुशीत होते. हिंग, हळद, मोहरी यांचा वास तेलात उतरतो तसा पाण्यात उतरत नाही, म्हणून तर आपण फोडणी करतो. मिरचीचा तिखटपणाही तेलातच विरघळणारा. लहान मुलाला तिखट लागले की ते तांब्याभर पाणी पिते आणि तरी रडते. चमचाभर तूप किंवा सायीचे दही दिले की गप्प होते.

अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वेही अशीच स्निग्धात विरघळणारी आहेत. गाजराचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. पण ते द्रव्य आतड्यातून रक्तात शिरायला सोबत थोडी स्निग्धता हवी. गाजराच्या कोशिंबिरीला आपल्या आज्या तेलाची किंवा तुपाची फोडणी देत आणि वर दाण्याचे कूट घालत, ते निव्वळ चवीपुरते नव्हते. ‘डाएट’ म्हणून ती कोशिंबीर कोरडी खाल्ली, तर गाजराचा बराचसा फायदा वाया जातो.

पेशीची घडीची पोळी

आता जरा शरीराच्या आत डोकावू या. आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी. मग मधली भिंत कशाची असेल? पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थाचीच असायला हवी, नाही का? ती भिंत स्निग्ध पदार्थांचीच आहे.

या कामासाठी खुंटीच्या तीनपैकी एका साखळीच्या जागी फॉस्फरस असलेला एक पाणीप्रिय तुकडा बसवलेला असतो. अंड्याच्या बलकातले लेसिथिन हे याच जातीचे. त्याचे डोके पाण्याकडे ओढ घेते आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. अशी लाखो टोपीवाली माणसे पाण्यात सोडली तर ती काय करतील? दोन रांगा करून उभी राहतील. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे. आपली घडीची पोळीच म्हणा ना! दोन्ही बाजूंनी पीठ आणि पदराच्या आत तेल.

१९२५ साली नेदरलँड्समधील लायडन येथे एव्हर्ट गॉर्टर हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला सारा स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. त्याचा पातळ थर पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असे त्यांना आढळले. म्हणजे भिंत दोन पदरी! या दुपदरी पोळीची जाडी किती असावी? एका मिलीमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यांतल्या एकाएवढी. इतक्या पातळ पदरावर आपला सारा जीव तोललेला आहे.

याच जातीचा पदर तुम्ही दर आठवड्याला घुसळता. दुधातल्या स्निग्धाच्या प्रत्येक थेंबाभोवती असे नाजूक आवरण असते, म्हणून दूध आणि त्यातले तूप वेगवेगळे होऊन दोन थर होत नाहीत. सायीचे दही घुसळले की आवरणे फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोण्याचा गोळा वर येतो. उन्हाळ्यात लोणी येईनासे झाले की आपण गार पाणी घालतो, कारण थेंब थोडे घट्ट झाल्याशिवाय ते चिकटत नाहीत.

आणि ही स्निग्धता वेळेवर तयार झाली नाही तर काय होते, तेही ऐका. आपल्या फुप्फुसात लक्षावधी बारीक फुगे असतात. श्वास सोडल्यावर ते ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटू नयेत, म्हणून त्यांना आतून एका स्निग्ध द्रव्याचा हात दिलेला असतो. आईच्या पोटात हे द्रव्य शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसे तयार होते. फार लवकर जन्मलेल्या बाळाजवळ ते पुरेसे नसते. अशी बाळे श्वासासाठी तडफडून का दगावतात, ते १९५९ साली मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टर बाईंनी शोधून काढले. पण शोध लागला तरी औषध हाती यायचे होते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला चिमूटभर स्निग्ध द्रव्य कुठून आणता आले नाही! पुढे १९८० साली जपानमधील डॉ. फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेले असे द्रव्य बाळांच्या श्वासनलिकेतून देऊन त्यांना वाचवले. आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हे औषध देतात.

उंदरांनी शिकवलेला धडा

शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांचा समज असा, की स्निग्ध पदार्थ म्हणजे नुसते सरपण. ते नसले तरी पिठूळ पदार्थांवर भागेल. हा समज मोडला तो एका जोडप्याने. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना साखर, प्रथिने, क्षार, जीवनसत्त्वे असे सगळे दिले. फक्त स्निग्धाचा अंशही दिला नाही. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, कातडी सोलवटली, माद्यांना पिल्ले होईनाशी झाली. १९२९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि पाठोपाठ हेही दाखवले, की लिनोलेइक आम्ल असलेल्या तेलाचे थोडेसेच थेंब दिले की उंदीर सुधारतात. सरळ साखळ्यांची चरबी कितीही दिली तरी सुधारत नाहीत.

याचा अर्थ काय? काही बाकदार साखळ्या आपल्या शरीराला स्वतः घडवता येतच नाहीत. त्या अन्नातूनच मिळाल्या पाहिजेत. अशी आवश्यक मेदाम्ले दोन. त्यांपैकी लिनोलेइक आम्ल करडई, सूर्यफूल, तीळ, शेंगदाणा यांतून आपल्याला भरपूर मिळते. दुसऱ्याची, ज्याला ओमेगा-३ घराण्यातले म्हणतात त्याची, आपल्या जेवणात चणचण असते. त्यासाठी जवस हा आपला जुना सोबती. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास हेच आम्ल असते. जवस भाजून, कुटून चटणी करा; अख्खे गिळलेले जवस तसेच बाहेर पडतात. मासे खाणाऱ्या घरांत बांगडा आणि तारली आहेतच, आणि त्यांतली ओमेगा-३ तर शरीराला थेट वापरता येणारी. म्हणजे महागड्या गोळ्यांच्या आधी स्वस्तातल्या मासळीकडे आणि जवसाच्या डब्याकडे वळायला हवे.

सरपणाचे काम तर आहेच. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा प्रथिन ४ कॅलरीज देते, तर एक ग्रॅम स्निग्ध ९ देते. थोड्या जागेत जास्त साठा! ज्या स्त्रीच्या अंगावर १५ किलो चरबी आहे, तिच्याजवळ लाखाच्या वर कॅलरीजची शिदोरी असते, म्हणजे सुमारे दोन महिन्यांची. निसर्गाने ही शिदोरी स्त्रीला पुरुषापेक्षा जास्त दिली, ती बाळंतपणासाठी आणि अंगावर पाजण्यासाठी. आईच्या दुधातल्या जवळजवळ निम्म्या कॅलरीज स्निग्धाच्याच असतात, कारण बाळाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि पाण्याचा भाग वगळला तर मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्धाचाच असतो. म्हणून घरात कुणाचे कोलेस्टेरॉल वाढले तरी दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या मऊ भातावरचे तूप काढून घेऊ नका. मोठ्यांचे पथ्य त्याला लावायचे नाही.

पोळीला तेल नको म्हणणाऱ्या लेकीलाही एक गोष्ट सांगा. पोळीचे तेल कमी केल्याने काही बिघडत नाही. पण खाणेच तोडले, अंगावरची चरबी फार घटली, की पाळी अनियमित होते, कधी बंदही पडते. शरीर जणू म्हणते, ‘घरात शिदोरी नाही, पाहुणा कसा बोलावू?’ शिवाय भराभर वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याची भीतीही असते.

बदनाम कोलेस्टेरॉल

खड्यांचा विषय निघालाच आहे, तर कोलेस्टेरॉलकडे वळू. त्याची ओळख पटली ती पित्ताशयाच्या खड्यांतूनच, आणि त्याचे बारसे केले ते पुन्हा आपल्या शेव्हरलनेच. त्याचे रूप तेलातुपापेक्षा वेगळे; साखळ्यांऐवजी चार कड्या एकमेकींत अडकवलेल्या. ही रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने १९४५ च्या सुमारास उलगडून दाखवली ती डॉरोथी हॉजकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी. इतर महत्त्वाच्या संशोधनासाठी त्यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे कोलेस्टेरॉल विष मुळीच नाही. पेशीच्या पोळीला ते आकार देते. उन्हात त्वचेखाली ड जीवनसत्त्व तयार होते ते त्याच्याच भावंडापासून. पित्त त्याच्यापासून बनते. आणि आपल्याला वयात आणणारी, गर्भ टिकवणारी स्त्रीची संप्रेरकेही त्याच्यापासूनच. म्हणूनच शरीर ते अन्नावर सोडून देत नाही. बहुतेक स्वतःच तयार करते, मुख्यतः यकृतात.

मग अडचण कुठे येते? वाहतुकीत! रक्त पाणचट आणि कोलेस्टेरॉल स्निग्ध. म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनात भरून पाठवावे लागते. मुंबईचे डबेवाले आठवा. एलडीएल हा भरलेले डबे घरोघर पोचवणारा आणि एचडीएल हा उरलेसुरले गोळा करून यकृताकडे परत नेणारा. घरोघरी डबा घ्यायला दाराशी कुणी आले नाही, की डबे जिन्यातच साचतात. हा जिना म्हणजे आपल्या रक्तवाहिन्यांची भिंत. दाराशी येऊन डबा घेणारी ही यंत्रणा ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी शोधली आणि त्यासाठी त्यांना १९८५ साली नोबेल मिळाले. सरळ साखळ्यांचे स्निग्ध अती खाल्ले की यकृताच्या दारावरची ही माणसे कमी होतात आणि रक्तातले एलडीएल वाढते. बाकदार साखळ्यांची तेले त्या जागी वापरली की ते उतरते.

यातून आपल्याला तीन गोष्टी कळतात. पहिली: कोलेस्टेरॉल हे प्राण्यांचे काम. शेंगदाण्याच्या, सूर्यफुलाच्या, पामच्या तेलात ते कधी नव्हतेच. तेव्हा पिशवीवरचे ‘कोलेस्टेरॉलविरहित’ म्हणजे ‘आमच्या मिठात साखर नाही’ असे सांगण्यासारखे आहे. त्या तेलात सरळ साखळ्या किती, ते पाहा. पामतेलात त्या निम्म्याच्या आसपास असतात.

दुसरी: शरीर कोलेस्टेरॉलचे पित्त करून आतड्यात सोडते आणि त्यातले बरेचसे परत शोषून घेते. डाळी, उसळी, मेथीदाणे, फळे, ओट यांतला बुळबुळीत चोथा ते पित्त धरून बाहेर नेतो. मग नवे पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल उचलते. म्हणजे नुसते तूप बंद करून भागत नाही. वाटीभर उसळही वाढली पाहिजे.

तिसरी: तपासणीच्या कागदावर ट्रायग्लिसराइड म्हणून एक ओळ असते. तिची पुष्कळदा चूक तेलाच्या माथी मारली जाते. साखर, मैदा आणि दारू यांनीही ती वाढते. तेल मोजून घालायचे आणि चहात दर वेळी दोन चमचे साखर, हा हिशोब काही जमायचा नाही.

आणि कागद पाहताना आपलाही कागद पाहावा, भगिनींनो! पाळी जाईपर्यंत स्त्रीला संप्रेरकांचे काहीसे संरक्षण असते. ती गेली की एलडीएल वाढू लागते. हृदयविकार हा फक्त पुरुषांचा आजार नव्हे. यजमानांची तपासणी वेळेवर आणि आपली ‘पुढच्या महिन्यात’, असे करू नका.

खरे वैरी कोण?

डालड्याचा पिवळा डबा अजून कुणाकुणाला आठवत असेल. १९३७ साली तो बाजारात आला आणि ‘डालडा’ हे नाव वनस्पती तुपालाच चिकटले. तेलाला निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू दिला की बाक भरून निघतात, साखळ्या सरळ होतात आणि तेलाचे तूप होते. स्वस्त आणि टिकाऊ! साजूक तुपात ते चोरून मिसळू लागले, तेव्हा सरकारने वनस्पती तुपात तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले होते, कारण तिळाचे तेल रासायनिक कसोटीत लाल रंग देते आणि भेसळ उघडी पडते.

पण या प्रक्रियेत एक खोड होती. ती अर्धवट राहिली की उरलेले काही बाक उलटे फिरून साखळी सरळ दिसू लागे. हेच ते ट्रान्स फॅट. वरून असंपृक्त, वागणे संपृक्ताहून वाईट! ते एलडीएल वाढवते आणि परत नेणारे एचडीएल कमीही करते. हे पुष्कळ वर्षांनी उमगले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेलातुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ साली ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. तरीही खारी, नानकटाई, केक घेताना वेष्टनावर ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द दिसतो का, ते पाहून घ्यावे.

दुसरा वैरी आपल्याच घरात असतो: तळणीचे उरलेले तेल. पुन्हा पुन्हा तापवल्याने साखळ्या तुटतात, एकमेकींत गुंततात, तेल काळे आणि चिकट होते. धूर निघाला की डोळे चुरचुरतात, तेव्हा ग्लिसरीन जळून ॲक्रोलीन नावाचे झोंबरे द्रव्य तयार होत असते. फरसाण आणि वडे तळणाऱ्यांसाठी २०१८ पासून नियमच आहे, की अशी बिघडलेली द्रव्ये २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचे नाही. घरात मोजयंत्र नसते, पण नाक आणि डोळे असतात. तळणाला कढईत बेताचेच तेल घ्यावे, उरलेले गाळून दोन-तीन दिवसांत भाजी-फोडणीत संपवावे. फेस येणारे, काळपट तेल टाकून द्यावे. जीव तुटतो खरा. पण तेलाच्या किमतीपेक्षा औषधाची किंमत जास्त.

तिसरा वैरी खवटपणा. बाकाच्या जागी हवा शिरते आणि साखळी बिघडते. म्हणून बाकदार तेले, दाण्याचे कूट, जवस, सुके खोबरे लवकर खवट होतात. ती लहान प्रमाणात आणावीत, झाकून, अंधारात ठेवावीत. तेलाचा डबा शेगडीशेजारी नको.

आता यादी लिहा

किती तेल घ्यायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम वरून घातलेले तेल-तूप पुरते. वाढत्या मुलांना आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला थोडे जास्त. चार माणसांच्या घराला तेल, तूप, लोणी सगळे मिळून महिन्याला फार तर तीन किलो. कारण न दिसणारे स्निग्ध वेगळेच असते. शेंगदाण्याचे निम्मे वजन तेलाचे, म्हणजे मूठभर दाण्यांत तीन चमचे तेल जाते.

कोणते घ्यायचे? एकच एक नको. रोजच्या भाजीला शेंगदाण्याचे किंवा तिळाचे, पुढच्या महिन्यात करडईचे किंवा सूर्यफुलाचे, अशी पाळी ठेवावी. खोबरेल आणि तूप चवीपुरते. वरणभातावर चहाच्या चमच्याने तूप घालावे, धार धरू नये. सासूबाईंच्या काळी तुपाची धार होती, पण जाते होते, विहिरीचे पाणी होते आणि चालणेही होते, हे विसरून कसे चालेल? घरात कुणाला हृदयाचे औषध चालू असेल, तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आणि एक सोपी युक्ती. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेले तेल मोजून एका डब्यात काढून ठेवा. रोज त्यातलेच वापरायचे. विसाव्या तारखेला डबा रिकामा झाला, तर कुठे गळती आहे ते तुमचे तुम्हांलाच कळेल. ओतताना बाटलीऐवजी चमचा हातात धरा. एवढ्याने पहिल्याच महिन्यात अर्धा-पाऊण किलो तेल वाचले, तर नवल वाटून घेऊ नका. त्या पैशांत जवस येईल, मेथीदाणे येतील आणि एखादा दिवस बांगडाही!